इंग्रजी कच्चं की वाचन कच्चं?

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी मूळचा काटोलचा, बारावीसाठी नागपुरात नंदनवनला खोली घेऊन राहतो. दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं. सीयूईटी, म्हणजे विद्यापीठांची सामायिक प्रवेश परीक्षा, देऊन बाहेरच्या केंद्रीय विद्यापीठात बीएला जायचं आहे. इंग्रजीच्या सराव पेपरात उताऱ्यांवरचे निम्मे प्रश्न चुकतात. प्रत्येक वाक्याचं मनातल्या मनात मराठी करतो, त्यात वेळ जातो आणि शेवटच्या उताऱ्याची उत्तरं न वाचताच मारावी लागतात. क्लासचे सर म्हणतात, आधी प्रश्न वाच. रूममेट म्हणतो, रोज अग्रलेख वाच. घरचे म्हणतात, इंग्रजी कच्चं आहे तर मराठीचा पेपर दे. काय करू?
– एक विद्यार्थी, नंदनवन

उत्तर : घरच्यांचं आधी निकालात काढू. सीयूईटीत १३ भाषांचे पेपर असतात आणि त्यात मराठी आहे, हे खरं. पण तुला हव्या त्या अभ्यासक्रमाला कोणती भाषा चालते, हे ते विद्यापीठ ठरवतं. त्याचं माहितीपत्रक उघड आणि स्वतःच्या डोळ्यांनी वाच. मित्राच्या मित्राने सांगितलेलं धरू नकोस.

आता तुझं इंग्रजी खरंच कच्चं आहे का, ते पाहू. त्यासाठी मी मराठीतच एक उतारा देते. काटोलचा आहेस म्हणून संत्र्याचाच घेते.

‘विदर्भातला संत्रा वर्षातून दोनदा बाजारात येतो. आंबिया बहराचं फळ दिवाळीच्या आसपास उतरतं, मृगाचं फेब्रुवारी-मार्चकडे. मृगाच्या फळाला पुष्कळदा भाव चांगला मिळतो, म्हणून सगळ्यांनी मृगच धरावा असा सल्ला शहरातली माणसं देतात. पण मृग धरायचा तर मे महिन्यात पाणी तोडून बागेला ताण द्यावा लागतो आणि पुढे पाऊस वेळेवर यावा लागतो. पहिली गोष्ट शेतकऱ्याच्या हातात आहे, दुसरी नाही.’

प्रश्न असा : शहरातल्या माणसांचा सल्ला लेखकाला का पटत नाही? पर्याय चार. अ, उन्हाळ्यात विहिरींना पाणी नसतं. ब, मृगाच्या फळाला भाव मिळत नाही. क, मृग बहर पाऊस वेळेवर येण्यावर अवलंबून असतो. ड, मृगाचा बहर कधीच हाती लागत नाही.

तुझा हात ‘अ’कडे गेला असेल तर मला नवल वाटणार नाही. काटोलच्या पोराला उन्हाळ्यातल्या विहिरी कोणी शिकवाव्या लागत नाहीत. पण उताऱ्यात विहीर आहे कुठे? ‘ब’ तर उताऱ्याच्या उलट बोलतो. ‘ड’ त्याच दिशेने जातो, पण लेखकाने ‘कधीच’ म्हटलेलं नाही. राहिला ‘क’. तो सगळ्यात साधा, आणि तोच बरोबर.

अशा चुका मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवत असताना सारख्या पाहिल्या. आपलं इंग्रजी कच्चं आहे असं शपथेवर सांगणारी मुलं मराठी उताऱ्यावरही तसंच चुकायची. तेव्हा व्याकरणाचं पुस्तक बाजूला ठेवायचं आणि आधी चूक कोणत्या जातीची आहे ते ओळखायचं. वाक्यच समजलं नाही, ही एक जात. वाक्य समजलं पण उत्तर उताऱ्याबाहेरून आणलं, ही दुसरी. दोन्हींचे इलाज वेगळे आहेत, आणि बहुतेक क्लासेस एकच औषध देतात : आणखी पेपर सोडवा!

दुसऱ्या जातीला आपला बोर्डाचा पेपरही थोडा जबाबदार आहे. बारावीच्या इंग्रजीत उताऱ्याखाली ‘पर्सनल रिस्पॉन्स’चा प्रश्न असतो, तुम्हाला काय वाटतं ते लिहा. तो चांगला प्रश्न आहे आणि तिथे तुझ्या विहिरीला मार्क मिळतील. सीयूईटीत मात्र तुला काय वाटतं, हे कोणी विचारत नाही. सवय तीच राहते आणि मार्क जातात.

म्हणून एक वही कर. सराव पेपरात चुकलेला प्रत्येक प्रश्न तिच्यात उतरव आणि तू निवडलेला पर्याय का पडला ते चार-पाच शब्दांत लिही : उताऱ्यात नाही, उलट आहे, फार ताणलं, किंवा खरं आहे पण दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. हा शेवटचा प्रकार सगळ्यात लबाड. तो पर्याय उताऱ्यातलाच शब्द उचलून आणतो, त्यामुळे ओळखीचा वाटतो आणि हात तिकडे जातो. बरोबर आलेले प्रश्नही अधूनमधून तपास. उरलेले तीन का पडले ते सांगता येत नसेल, तर तो मार्क नशिबाचा होता.

आता पहिली जात, वाक्य न समजण्याची. तू प्रत्येक वाक्याचं मराठी करतोस आणि त्यात वेळ जातो, त्याला कारण आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं. इंग्रजी वाक्य कर्ता आणि क्रियापद बहुधा लवकर सांगून मोकळं होतं आणि मग मागे ‘विच’, ‘हू’, ‘दॅट’ची शेपटी लावत जातं. त्याचं मराठी करायला तुला टोकापर्यंत जाऊन परत मागे यावं लागतं. म्हणजे एक वाक्य तू दोनदा वाचतोस आणि लांब असलं तर तीनदा. तेव्हा मराठी करू नकोस. कोण आणि काय केलं, एवढं पेन्सिलीने पकड, आणि शेपटी आली की ती कोणाला जोडली आहे तेवढं पाहून पुढे जा. सुरुवातीला हे घड्याळ न लावता कर. मनातलं मराठी पूर्ण बंद होणार नाही, चालू दे. परिच्छेद संपला की मात्र मुद्दाम मराठी वापर : पुस्तक पालथं घाल आणि लेखक इथे काय करतोय ते एका वाक्यात मोठ्याने बोल. तक्रार करतोय, कारण देतोय, शंका काढतोय की दुसऱ्याचं म्हणणं खोडतोय? रूममेट हसेल. हसू दे, त्यालाही ऐकून फायदाच होईल.

‘अनलेस’, ‘हार्डली’, ‘ऑल्दो’, ‘यट’ अशा शब्दांवर गोल काढ. अवघड शब्द अडला तर वाक्य फारसं बिघडत नाही, पण ‘अनलेस’ सुटला तर अर्थ उलटा होतो. शब्दार्थाचा प्रश्न आला तर पाठ केलेल्या यादीवर विसंबू नकोस. चारही पर्याय एकेक करून त्या वाक्यात बसवून वाच आणि मागचं-पुढचं वाक्य कोणाला होकार देतं ते बघ.

आधी प्रश्न वाचावे का? माहितीपर उतारा असेल तर हो, पण फक्त प्रश्न, पर्याय नाहीत. आधी पर्याय वाचले की त्यातल्या तीन चुकीच्या गोष्टी डोक्यात घेऊनच तू उताऱ्यात शिरतोस. कथनात्मक किंवा साहित्यिक उतारा असेल तर सरळ उताऱ्यापासून सुरू कर. तिथे पात्राचा सूर, लेखकाचा उपरोध असलं काही विचारतात आणि तुकड्यातुकड्याने वाचून सूर सापडत नाही. सीयूईटीच्या इंग्रजीत हे तिन्ही प्रकार येतात.

वेळेचं आणि मार्कांचं गणित असं. २०२५ पासून पेपरात ५० प्रश्न आहेत, सगळे सक्तीचे, आणि वेळ ६० मिनिटं. बरोबर उत्तराला ५, चुकीला वजा १. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला तरी सरासरीने अर्धा मार्क पदरात पडतो. एक पर्याय नक्की चूक आहे असं कळलं तर एक मार्क. म्हणजे या पेपरात रिकामं सोडण्यात काही शहाणपण नाही. पण तू फॉर्म भरशील तेव्हा त्या वर्षीचं पत्रक बघच, हे नियम बदलत आलेत. शेवटचा उतारा मारावा लागतो म्हणतोस, तर क्रम बदलून पाहा : शब्द आणि वाक्यांचे सुटे प्रश्न आधी उरक, मग निवांत उताऱ्यांना बस.

अग्रलेखाचा सल्ला चांगला आहे, फक्त रूममेटने तो अर्धाच दिला. आपल्या नागपुरात ‘हितवाद’ १९११ पासून निघतोय, गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजाने तो सुरू केला. तेव्हा इंग्रजी अग्रलेख मिळायला तुला लांब जायला नको. पण रोज एक नुसता चाळून काही हाती लागत नाही. आठवड्याला दोनच घे आणि प्रत्येकावर तू स्वतः एक प्रश्न आणि चार पर्याय तयार कर. तीन फसवे पर्याय रचताना घाम फुटेल. परीक्षकाची युक्ती कळायला याहून स्वस्त मार्ग मला तरी माहीत नाही.

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे, क्लॅटची, म्हणजे कायद्याच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करते. लहानपणापासून इंग्रजी कादंबऱ्यांचा फडशा पाडते, तरी इंग्रजीच्या उताऱ्यांत मार्क कमी. माझं स्वतःचं इंग्रजी यथातथाच, त्यामुळे मदत करता येत नाही.
– एक आई, मनीषनगर

उत्तर : ताई, कादंबरी वाचणाऱ्या मुलीला वेग असतो आणि तोच तिला नडत असणार. गोष्टीत पुढे काय होतं ते हवं असतं, त्यामुळे ती मधली वाक्यं गिळते. क्लॅटचा पेपर २०२० पासून उताऱ्यांवरच आहे, कायद्याचे प्रश्नसुद्धा उताऱ्यातला नियम घेऊनच सोडवायचे असतात. आता १२० मिनिटांत १२० प्रश्न आणि इंग्रजीचा एकेक उतारा साधारण ४५० शब्दांचा. हे उतारे बरेचदा वादाचे असतात. लेखक आधी विरुद्ध बाजूचं म्हणणं मोठ्या सभ्यपणे मांडतो आणि दोन वाक्यांनी ते उलटवतो. घाईने वाचणारी मुलगी त्या विरुद्ध बाजूलाच लेखकाचं मत समजते.

तिला दोन रंगांची पेनं द्या. लेखकाचं स्वतःचं म्हणणं एका रंगाने, त्याने दुसऱ्यांच्या नावावर सांगितलेलं दुसऱ्याने. आणि मदत करता येत नाही असं म्हणू नका. रात्री जेवताना तिला मराठीत विचारा : लेखक कोणाशी भांडतोय? त्या समोरच्याचं म्हणणं काय होतं? ह्याने काय उत्तर दिलं? ती अडखळली तर उतारा पुन्हा वाचायला पाठवा. इथे इंग्रजी न येणारी आईच बरी, कारण तिला सगळं सोडवून सांगावं लागतं. इंग्रजी येणारी आई अर्ध्या वाक्यावर ‘हो, कळलं’ म्हणून मोकळी होते. कादंबऱ्या मात्र बंद करू नका. वाचायची गोडी एकदा गेली की ती परत आणणं कठीण.

प्रश्न : सराव मोबाईलवर करावा की छापील पुस्तकातून? आणि रोज किती उतारे?
– एक विद्यार्थिनी, वाडी

उत्तर : सुरुवात कागदावर, कारण गोल काढायला आणि खुणा करायला तिथेच जमतं. परीक्षेच्या आधीचे दोन महिने संगणकाच्या पडद्यावर, कारण सीयूईटी आता पूर्ण संगणकावरच होते. पडद्यावर खुणा करता येत नाहीत आणि उतारा वरखाली सरकवत वाचावा लागतो, त्याची सवय डोळ्यांना वेगळी लावावी लागते. घरी संगणक नसेल तर ओळखीच्या कोणाचा आठवड्यातून तासभर मागून घे. सीयूईटी घेणाऱ्या एनटीए या संस्थेच्या संकेतस्थळावर सरावाच्या चाचण्या फुकट आहेत. मोबाईलच्या एवढ्याशा पडद्यावर उतारे सोडवू नयेत, असं माझं मत. रोजचे दोन उतारे पुरे, पण वहीतल्या नोंदीसकट. आणि एप्रिल-मेमध्ये दुपारचा सराव टाळू नकोस. पेपर दुपारच्या सत्रात आला तर नागपूरच्या उन्हातून केंद्रावर पोहोचून लगेच वाचायला बसायचं आहे.