कुठला देश आपलं म्हणेल? आधी शेजारणीचं नाव विचार

या वेळी सिंगापूरहून आलेलं एकच पत्र बरीचशी जागा घेणार आहे. बाकीच्यांनी रागावू नये. ती लिहिते: "काकू, आम्ही सात वर्षं इथं आहोत. पीआरचा, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा, अर्ज दोनदा फेटाळला, कारण कळवलं नाही. आता ह्यांच्या कंपनीनं क्वालालंपूर, बँकॉक आणि जकार्ता अशी तीन शहरं पुढं ठेवली आहेत. यांतला कुठला देश परक्या माणसाला मनापासून सामावून घेतो? पुन्हा उपऱ्यासारखं राहायची ताकद नाही माझ्यात."

अगं, दोनदा नकार, आणि तोही कारण न सांगता. हे फार लागतं, मला ठाऊक आहे. पगाराचे कागद, कराचे कागद, मुलाची प्रगतिपुस्तकं, सगळा संसार मांडायचा आणि उत्तरात दोन ओळी यायच्या. एवढंच ध्यानात ठेव की तुमच्याबरोबर मुलालाही पीआर मिळालं असतं, तर पुढे दोन वर्षांची सक्तीची लष्करी सेवा त्याच्या वाट्याला आली असती. त्यावर तुम्ही घरात बोलला होतात का? पत्रात तरी दिसलं नाही.

मला जास्त टोचलं ते पत्रातलं पुढचं वाक्य. "आमच्या मजल्यावर सहा घरं आहेत. माणसं चांगली दिसतात, पण कोण कुठले, नावं काय, काही माहीत नाही. इथं कुणी कुणाशी बोलतच नाही." बाई गं, सात वर्षं आणि सहा घरं! तू तरी कुणाशी बोललीस का?

सरकारांचं म्हणशील तर सगळीच हात राखून वागतात. थायलंड कायमच्या वास्तव्याचा परवाना एका देशाच्या जास्तीत जास्त शंभर माणसांना देतं, वर्षाला. नोकरीच्या व्हिसावर राहणाऱ्यानं दर नव्वद दिवसांनी आपला पत्ता कळवायचा, मग तो दहा वर्षं तिथं राहत असला तरी. मलेशियाची 'माय सेकंड होम' योजना २००२ पासून आहे, पण आता तिच्यातल्या सिल्व्हर पायरीलाही दीड लाख अमेरिकी डॉलरची ठेव लागते. इंडोनेशियात परक्याला जमीन मालकीची होत नाही. थायलंडमध्येही नाही. फ्लॅट घेता येतो, तोही त्या इमारतीतला परक्यांचा हिस्सा ४९ टक्क्यांच्या आत असेल तर. या कागदांवरून देश निवडायला बसलीस तर तिन्ही सारखेच कोरडे वाटतील. आपल्याला आपलं म्हणणारी माणसं गल्लीत असतात आणि गल्लीची भाषा बोलल्याशिवाय ती भेटत नाहीत. हे मी सदरात किती वेळा लिहिलं असेल! पुन्हा लिहिते.

आम्ही १९९४ साली जकार्ताच्या पूर्वेला बेकासीत राहायला गेलो. हे इचलकरंजीचे, सूतगिरणीतली नोकरी. पहिलं वर्षभर मी सातारला आईला पत्रं लिहायची, "इथली माणसं तोंडावर हसतात, पण दाराच्या आत येत नाहीत." तुझ्या पत्रासारखीच पत्रं ती. खरं कारण हे की ओट्यावर कुणी काही विचारलं की मी मान हलवून आत पळायची.

मला भाषा शिकवली भाजीवाल्यानं. सकाळी सातला तुकांग सायुर हातगाडी घेऊन गल्लीत यायचा आणि सगळ्या बायका गाडीभोवती गोळा व्हायच्या. बायाम म्हणजे आपला माठ. काचांग पांजांग म्हणजे चवळीच्या शेंगा. केतुंबार म्हणजे धणे, आणि हा शब्द आपल्या कोथिंबिरीचा सख्खा भाऊ आहे हे कळल्यावर मला रडू आलं होतं. मग एकेक ओळखीचा चेहरा दिसायला लागला. भाषेला बहासा, उपवासाला पुआसा, कारणाला कारेना, नवऱ्याला सुआमी, बायकोला इस्त्री. आणि बोलण्याला बिचारा, म्हणजे आपला विचार. आपण बोलण्याआधी विचार करतो, त्यांनी तो शब्द बोलण्यालाच देऊन टाकला.

या भाषेची गंमत नीट समजून घे, कारण माझा सगळा भर तिच्यावर आहे. २८ ऑक्टोबर १९२८ ला इंडोनेशियातल्या तरुणांनी एक भाषा स्वीकारायची शपथ घेतली तेव्हा सर्वांत जास्त लोक बोलत होते ती जावानीज त्यांनी निवडली नाही. बंदराबंदरांत व्यापाऱ्यांच्या तोंडी असलेली मलाय निवडली आणि तिलाच बहासा इंडोनेशिया म्हटलं. त्यामुळे आजही कितीतरी लोकांची घरची भाषा वेगळी असते, जावानीज, सुंदानीज, मादुरीज, आणि बहासा ते शाळेत शिकतात. जिथं बहुतेकांनी भाषा शिकून घेतलेली असते, तिथं तुझ्या चुकांना कोण हसणार? क्रियापदाला काळ नाही, नामाला लिंग नाही. पुस्तक बुकू, पुस्तकं बुकू-बुकू. लिपी रोमन, उच्चार लिहिल्याप्रमाणे. मराठी माणसाला तीन महिन्यांत बाजारापुरती येते. माझ्या सासूबाईंना पासष्टाव्या वर्षी आली.

आणि लोक विचारतात काय, तर "माउ क माना?" म्हणजे कुठं निघालीस? "सुदाह माकान?" म्हणजे जेवलीस का? आपल्या आळीत दुसरं काय विचारत होते? लग्न झालं का, मुलं किती, याला नुसतं नाही म्हणायचं नाही, "बलुम" म्हणायचं, अजून नाही. माझ्या धाकट्या नणंदेला मूल नव्हतं. ती आमच्याकडे राहायला आली तेव्हा गल्लीतल्या बायका तिच्या उत्तराआधीच तिच्या वतीनं हळूच "बलुम" म्हणायच्या. तिनं मला सांगितलं, वहिनी, सासरच्या गावात या प्रश्नाला इतकं हळुवार उत्तर कुणी दिलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी मला अरिसानमध्ये घेतलं. अरिसान म्हणजे आपली भिशी, दर महिन्याला पैसे काढायचे, चिठ्ठी उचलायची, वर खाणं. गणपतीत मी मोदक वाटले तर समोरच्या बूंनी, बू म्हणजे बाई, क्लेपोन पाठवले. त्यात गूळ आत आणि खोबरं बाहेर, म्हणजे मोदकच, कपडे उलटे घातलेला. लबारानच्या सकाळी, म्हणजे ईदला, सगळी गल्ली एकमेकांकडे जाऊन म्हणते "मोहोन माआफ लाहिर दान बातिन", बाहेरून-आतून काही चुकलं असेल तर माफ करा. मला हे आपल्या तीळगुळासारखं वाटतं, फक्त यात स्वतःची चूक आधी कबूल करायची असते.

मे १९९८ मध्ये जकार्ता पेटलं. दुकानं जळत होती, परदेशी कुटुंबं विमानतळाकडे धावत होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोहल्ल्याचे प्रमुख, पाक एर-ते, बाकडं टाकून बसले. रात्रीच्या गस्तीला तिथं रोंडा म्हणतात आणि त्या पाळीत ह्यांचं नाव आधीपासूनच होतं, म्हणून हेही त्यांच्यात बसले. समोरच्या बू म्हणाल्या, मुलीला घेऊन आमच्याकडे झोपायला ये. तीन रात्री आम्ही त्यांच्या मधल्या खोलीत काढल्या.

आता तू म्हणशील, आणि खरंच म्हणशील, की त्या दिवसांत ज्या चिनी वंशाच्या लोकांची घरं-दुकानं जाळली गेली, ते तर पिढ्यान् पिढ्या तीच भाषा बोलत होते. मग भाषेनं त्यांना का वाचवलं नाही? या प्रश्नानं मी कित्येक वर्षं अस्वस्थ आहे. राजकारण पेटलं की भाषा तोकडी पडते, हे मी डोळ्यांनी पाहिलं. म्हणून मी तुला संरक्षणाचं आश्वासन देत नाही. सकाळी दार उघडल्यावर कुणीतरी नावानं हाक मारील, एवढंच सांगते, आणि तुझ्या पत्रात तू तेच मागते आहेस.

मला विचारशील तर जकार्ता घ्या. क्वालालंपूरलाही तीच भाषा थोड्या फरकानं चालते, पण तिथं इंग्रजीवर निभावतं आणि तुझा स्वभाव पाहता तू निभावूनच नेशील. बँकॉक वाईट नाही. थाईत अहान म्हणजे आहार आणि आचान म्हणजे आचार्य, पण पाच सूर आणि शब्दांमध्ये जागा न सोडणारी लिपी, तेव्हा शिकवणी लावायची तयारी हवी. कायमच्या परवान्याच्या मुलाखतीत थाई लागतेच.

मुलाच्या शाळेबद्दल तू दीड पान लिहिलंस. नववीत आहे, दहावी होईपर्यंत हलवू नका. तुझ्या यजमानांनी पुढं जावं, तुम्ही वर्षानं जा. सासूबाईंच्या शाकाहाराची काळजी नको, टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, आणि तोफू गल्लोगल्ली मिळतं. फक्त सांबालमध्ये, म्हणजे तिथल्या मिरचीच्या चटणीत, कोळंबी आंबवून केलेली तरासी असते, तेव्हा "पाकाई तरासी?", तरासी घातली आहे का, हे वाक्य त्यांना पहिल्याच दिवशी शिकव. तुझ्या नोकरीचं म्हणशील, तर अवलंबित व्हिसावर कुठंही गृहीत धरू नकोस. कंपनीकडून लेखी घे.

निघायला अजून वर्ष आहे, म्हणजे सिंगापुरात वर्ष आहे. तिथली राष्ट्रभाषाही मलायच आहे. तुझा मुलगा सात वर्षं शाळेत रोज सकाळी राष्ट्रगीत मलायमध्ये गातो, त्याला अर्थ विचार. आणि लिफ्टमध्ये भेटणाऱ्या त्या म्हाताऱ्या चिनी आजी, ज्यांच्याबद्दल तू लिहिलंस की "रोज हसतात, पण बोलत नाहीत", त्यांना उद्या "चियाक पा बुए?" म्हण. होक्कियेन या चिनी बोलीत तो तोच प्रश्न आहे, जेवलात का. उत्तर समजलं नाही तरी थांब, लिफ्ट गेली तर दुसरी येईल.

सहापैकी निदान दोन घरांची नावं मला पुढच्या पत्रात लिहून पाठव. सासूबाईंना नमस्कार सांग.