‘डुकरासाठीच लावली होती’ : सापळ्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

भात पोटरीला आलं की माझ्या फोनवरचे मेसेज बदलतात. गाईम्हशींचे कमी होतात आणि ‘मॅडम, सापळा कुठला लावू?’ हे सुरू होतं. मी वन्यप्राण्यांवर उपचार करणारी पशुवैद्य. सापळ्यात अडकलेलं जनावर सोडवायला मला बोलावतात, त्यामुळे सापळा लावायचा सल्लाही माझ्याकडेच मागावा याची गंमत वाटते. पण प्रश्न तेच तेच येतात, म्हणून निवडक प्रश्नांची उत्तरं एकत्र देते. त्याआधी एक गोष्ट सगळ्यांसाठी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दात गोळी घालण्याबरोबर पकडणं, फास लावणं, विष घालणं, सापळा लावणं आणि यातलं काहीही करण्याचा प्रयत्न, सगळं येतं. ‘अजून काही सापडलंच नाही’ ही सबब चालत नाही.

प्रश्न : बांधावर उंदरांची बिळं झाली आहेत. उंदीर पकडायलाही वनखात्याची परवानगी लागते का? (संगमेश्वर)

नाही. साधे शेतातले, घरातले उंदीर खुशाल पकडा. फक्त शेकरू किंवा साळिंदराला ‘मोठा उंदीर’ म्हणू नका.

संध्याकाळी सगळी बिळं चिखलाने बुजवा. सकाळी जी उकरलेली दिसतील ती चालू बिळं. पिंजरा किंवा चाप त्यांच्याच तोंडाशी लावायचा, आमिषाला भाजलेलं सुकं खोबरं किंवा सुकी मासळी. शेजाऱ्यानेही त्याच आठवड्यात लावलं तर उपयोग, नाहीतर त्याचे उंदीर तुमच्याकडे येतात. झिंक फॉस्फाइड वापरायचं असेल तर आधी कृषी सहायकाला विचारा. माणसाच्या पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. दुकानदार ‘काही होत नाही’ म्हणाला म्हणून हाताने कालवू नका. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नका, लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) कोकणाला नवा नाही. आणि त्या चिकट पाट्या शेतात नकोत. त्यांवर सरडे, चिमण्या आणि साप चिकटतात, आणि ते सोडवताना साप चावलेले लोकही असतात.

प्रश्न : रानडुकरांनी अर्धं भात लोळवलं. गावात सगळेच फासकी लावतात, कुणाला काही झालेलं नाही. डुकरापुरतीच लावली तर काय हरकत? (कुडाळ)

हरकत आहे, आणि ती सविस्तर सांगणार आहे, कारण ‘डुकरापुरतीच’ हा शब्द मी पुष्कळदा ऐकलाय. तो बहुतेक वेळा बिबट्याच्या शेजारी उभं राहून म्हटलेला असतो.

फासकी म्हणजे बहुधा मोटारसायकलची क्लच किंवा ब्रेकची जुनी तार. गडग्याच्या (दगडी बांधाच्या) खिंडारात, जिथून जनावरांची वाट पडलेली असते तिथे तिचा सरकता फास टांगतात आणि दुसरं टोक झाडाला किंवा खुंटाला बांधतात. वाट डुकराने पाडलेली असली तरी तिच्यावरून सगळेच जातात: भेकर, कोल्हा, तुमचा कुत्रा, शेजाऱ्याचं वासरू. बिबट्याही जातो, कारण तो डुकराच्या पिल्लांमागेच असतो. त्याचं डोकं आणि छाती फासातून सहज निघते. तार आवळते ती कमरेला, मागच्या पायांच्या जरा पुढे.

आता पुढचं बघा. तो पुढे ओढतो, तार घट्ट होते. तो उलटा फिरतो, तारेला पीळ बसतो. आसपासची झुडपं चावून दात तुटतात, जमीन उकरून नखं उपटतात. सकाळी कुणाला तरी तो दिसतो, आणि वनखात्याला फोन जायच्या आधी गावाला फोन जातात. तासाभरात दोनशे माणसं, मोबाईल, शिट्ट्या. प्रत्येक ओरड्याबरोबर जनावर पुन्हा सगळा जोर लावतं. इतका वेळ ताणलेले स्नायू आतून तुटायला लागतात. त्यातला लाल रंगाचा घटक रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात जाऊन बसतो. असा बिबट्या बेशुद्ध करून टेबलावर घेतला की मी आधी लघवी बघते. ती कोऱ्या चहासारखी काळपट असली की पुढचे दिवस अवघड जाणार.

वरून जखम कधीकधी फार दिसतही नाही, केसांत लपलेली बोटभर रेघ असते. मग लोक म्हणतात, ‘मॅडम, चालतोय ना, सोडा जंगलात.’ तार कापल्यावर अडलेलं रक्त त्या मेलेल्या मांसातून पुन्हा फिरतं आणि तिथलं विष अंगभर नेतं. कातडी काळी पडून गळायला दोन-चार दिवस जातात. त्यामुळे असा प्राणी निरीक्षणाखाली ठेवावाच लागतो. लगेच सोडला तर तो रानात मरतो. आपल्याला दिसत नाही, एवढाच फरक.

तुम्ही म्हणाल, बिबट्याचं कौतुक पुरे, माझ्या भाताचं काय? ठीक. मग माणसांचं बोलू. तार अर्धी तुटलेली असते. बेशुद्धीचं इंजेक्शन लागल्याबरोबर बिबट्या उसळी मारतो. त्या क्षणी तार सुटली तर तो समोरच्या गर्दीत येतो. आणि बिबट्या कायद्याच्या अनुसूची एकमध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे : शिक्षा किमान तीन, कमाल सात वर्षं, वर दंड किमान २५ हजार. तार कुणाची हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं, पंचनाम्यातही ते येतं.

म्हणून, अडकलेलं जनावर दिसलं तर १९२६ या वनखात्याच्या नंबरवर लगेच फोन करा. तार स्वतः कापू नका, पाणी फेकू नका, लोकांना लांब ठेवा. ‘आधी आम्हीच प्रयत्न केला’ यात गेलेले दोन तास मला परत मिळत नाहीत. रिकामी फासकी सापडली तर फोटो काढा आणि वनरक्षकाला बोलवा. आणि तुम्ही स्वतः लावलेली असेल तर हे वाचून झाल्यावर जाऊन काढा.

प्रश्न : तारेच्या कुंपणात फक्त रात्री घरचा करंट सोडतो. सकाळी आठवणीने बंद करतो. चालेल ना? (चंद्रपूर जिल्हा)

नाही. आजच काढा. विदर्भात अशा तारांनी वाघ मेले आहेत आणि माणसंही मेली आहेत. त्यात स्वतःच्याच शेतावर राखणीला गेलेले शेतकरी आहेत. तार लावणाऱ्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो.

प्रश्न : मग ‘झटका मशीन’ तरी चालेल का? जाहिरातीत १२ व्होल्टचं म्हणतात, शिवाय हत्तीसुद्धा अडतो असंही म्हणतात. (लांजा)

चालेल, पण जाहिरात वाचून घेऊ नका. १२ व्होल्ट ही बॅटरी झाली. तारेत जातो तो काही हजार व्होल्टचा झटका, पण तो सेकंदाच्या अगदी छोट्या अंशापुरता असतो आणि दोन झटक्यांच्या मधे साधारण सेकंदाची उसंत असते. त्या उसंतीत जनावर मागे सरतं, म्हणून मरत नाही. घरच्या २३० व्होल्टमध्ये उसंत नसते, स्नायू आखडून माणूस तारेलाच चिकटतो. बाजारात काही ‘मशीन’ म्हणजे नुसता डबा, आत घरचीच वीज. पक्की पावती, मानक चिन्ह आणि दुरुस्तीची सोय नसलेलं घेऊ नका.

डुकरासाठी पहिली तार जमिनीपासून वीतभर, दुसरी हातभर. वरच्या तारा डुकराला दिसतही नाहीत, ते नाक खाली घालून येतं. तारेला गवत टेकलं की झटका जमिनीत जातो, म्हणून पंधरवड्याला खालची साफसफाई हवी. आणि कातळावरच्या मंडळींनो, अर्थिंग. सुक्या कातळात सळई ठोकून वर्तुळ पूर्ण होतच नाही, आणि मग ‘मशीन बोगस निघालं’ म्हणून माझ्याकडे तक्रार. सळ्या ओल्या मातीत, आंब्याच्या आळ्यात किंवा व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठाला ठोका आणि तिथपर्यंत तार न्या. सौर कुंपणाला वनखात्याच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळतं. आपलं गाव त्यात बसतं का ते वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. एजंटला नको.

प्रश्न : गावात बिबट्या दिसतो, वनखातं पिंजरा लावत नाही. वर्गणी काढून आम्हीच लावला तर? (जुन्नर तालुका)

लावू नका. बिबट्या पकडायला मुख्य वन्यजीव रक्षकांचा लेखी आदेश लागतो, आणि नुसतं ‘दिसला’ हे त्याला कारण होत नाही. तुमच्याच तालुक्यात २००१ नंतरच्या दोन-तीन वर्षांत मोठ्या संख्येने बिबटे पकडून दुसरीकडे सोडले होते. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की सोडण्याच्या जागांजवळ माणसांवरचे हल्ले वाढले. रिकाम्या झालेल्या जागी नवा बिबट्या येतो आणि अनोळखी मुलखात सोडलेला बिथरतो. माणसावर हल्ला झाला तर गोष्ट वेगळी, तिथे पिंजरा लागलाच पाहिजे आणि तो लवकर लागला पाहिजे. त्यासाठी खात्याच्या मागे लागा, मीही तुमच्या बाजूने बोलेन.

ऊसतोडीत बछडी सापडली तर उचलून घरी आणू नका, फोटोसाठी कडेवर तर नाहीच. तोड थांबवा, वनरक्षकाला बोलवा. पिल्लं त्याच जागी ठेवली की आई बहुतेक वेळा रात्री येऊन नेते.

प्रश्न : मुंगूस की कांडेचोर, काहीतरी रोज कोंबडी नेतंय. छोटा फास? (गुहागर)

छोटाही नाही. खुराड्याला षटकोनी कोंबडीजाळी असेल तर ती काढून अर्ध्या इंचाची वेल्डमेश लावा, खाली वीतभर जमिनीत पुरा, संध्याकाळी दार लावा. जाळीचा खर्च चार कोंबड्यांत वसूल.

प्रश्न : ऑनलाइन मिळणारं आवाजाचं यंत्र, वाघाच्या वासाची पावडर, न्हाव्याकडचे केस, जुन्या साड्या. यातलं काय चालतं? (राजापूर)

साड्या आणि केस नवे असेपर्यंत चार दिवस. डुक्कर मूर्ख नाही. बाकी दोन्ही विकणाऱ्याचं चालतं.

प्रश्न : माकडं नारळ ठेवत नाहीत. पकडणारे लोक माकडामागे पैसे घेऊन गाडीत भरून नेतात. बोलवावं का? (दोडामार्ग)

वनखात्याच्या परवानगीने येत असतील तरच. ते कागद दाखवत नसतील तर बोलवू नका. ती माकडं कुठल्यातरी दुसऱ्या गावाच्या वेशीवर सोडली जातात, आणि त्या गावाची तुमच्याकडे. तुमच्या तालुक्यात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आहेत. हा आजार गोचिडीतून पसरतो. बागेत मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, पुरू नका, आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला त्याच दिवशी कळवा. काजूला जाताना अंगभर कपडे, आल्यावर गरम पाण्याने आंघोळ, आणि ताप आला तर ‘साधाच असेल’ म्हणून घरी बसायचं नाही.

प्रश्न : पेनसिल्व्हेनियात थोडी जमीन घेतली आहे. रकून मका खातात, बीव्हरने ओढा अडवलाय, रात्री कायोटी (कोल्ह्यासारखे प्राणी) ओरडतात. इथे सापळे लावणं कायदेशीर आहे म्हणतात. सुरुवात कशी करू? (मूळचे सातारचे वाचक)

कायदेशीर आहे, पण परवाना, हंगाम आणि सापळ्यावरची ओळखपट्टी यांसह. तिथे लावलेला सापळा दर ३६ तासांत एकदा तपासणं बंधनकारक आहे. शनिवारी लावून पुढच्या शनिवारी बघायला जाणाऱ्यांचं ते काम नाही. राज्याच्या गेम कमिशनशी (शिकारीचे नियम बघणाऱ्या खात्याशी) आधी बोला, प्रशिक्षण घ्या किंवा परवानाधारक माणूस बोलवा. पिंजऱ्यात आलेला रकून गाडीत घालून लांब सोडायचा विचार तर मुळीच नको. अमेरिकेच्या पूर्व भागात रकूनमध्ये रेबीज आहे, आणि त्याच्या विष्ठेतले जंत माणसाच्या मेंदूपर्यंत जातात. माळ्यावर विष्ठा दिसली तर मुलांना तिकडे पाठवू नका. चावला किंवा ओरखडला तर साबण-पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरकडे. बीव्हरचा बांध फोडू नका, तो रातोरात पुन्हा बांधतो. बांधातून पाइप टाकून पाण्याची पातळी खाली ठेवता येते, पण ओढ्यात काहीही करण्याआधी परवानगी विचारा. कायोटी नुसतेच ओरडत असतील तर ओरडू देत. कोंबड्या आणि मांजर रात्री आत ठेवा.

प्रश्न : डुक्कर मारायची परवानगी मिळते असं ऐकलं. खरं का? आणि नुकसानभरपाई मिळतच नाही, मग अर्ज कशाला? (पाटण)

मिळते. वन्यजीव कायद्याच्या कलम ११ मध्ये उभ्या पिकाच्या नुकसानीचा उल्लेखच आहे. अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे करा, आणि आदेश लेखी हातात येईपर्यंत बंदूक खांद्यावरसुद्धा घेऊ नका. ‘साहेब तोंडी हो म्हणाले’ हे कोर्टात उभं राहत नाही. बंदूक परवान्याची, चालवणाराही परवानाधारक.

भरपाई न मिळालेल्यांचे कागद मी पाहिले आहेत. बऱ्याच जणांनी अर्ज आठवड्यानंतर, नांगर फिरवून झाल्यावर केलेला असतो. पिकाची तक्रार तीन दिवसांच्या आत द्यायची असते. त्याच सकाळी द्या, पोच घ्या, पायांचे ठसे आणि लोळवलेल्या पिकाचे फोटो काढा, पंचनामा होईपर्यंत शेत तसंच ठेवा. बिबट्याने गाय किंवा शेळी मारली असेल तर मढं जागचं हलवू नका आणि ४८ तासांच्या आत कळवा. चिडून त्यात विष कालवणारे असतात. त्यांनी तसं केलं की भरपाई राहते बाजूला, गुन्हा दाखल होतो. आणि ते मांस खाणाऱ्यांत गावचे कुत्रे पहिले असतात.

प्रश्न : परवानगीने मारलेल्या डुकराचं मटण वाटून घेतलं तर चालतं ना? (नाव-गाव न देण्याची विनंती)

नाही. ते सरकारजमा होतं. वनरक्षकाला फोन करा.