आकडे समजून घेताना : औंदा फवारू का नको?

प्रश्न : मी नागपूरला कृषी शाखेत एमएस्सी करते. घरची संत्र्याची बाग काटोलजवळ आहे. आंबिया बहाराची फळगळ कमी व्हावी म्हणून २० झाडांवर संजीवकाची फवारणी केली, २० झाडं तशीच ठेवली. फवारलेल्या झाडांवर सरासरीने जास्त फळं टिकली, पण टी-टेस्टमध्ये (दोन सरासऱ्यांतला फरक तपासणारी चाचणी) पी-व्हॅल्यू ०.०८ आली. गाईड म्हणतात, ‘तक्त्यात एनएस (नॉट सिग्निफिकंट, म्हणजे फरक लक्षणीय नाही) लिही आणि फवारणीचा परिणाम होत नाही असा निष्कर्ष मांड.’ बाबा म्हणतात, ‘थे सारं ठीक हाये, पन औंदा फवारू का नको, थे सांग.’ दोघांना काय सांगू?

उत्तर : बेटा, तुझ्या बाबांनी विचारलेला प्रश्नच खरा प्रश्न आहे. प्रबंधातला निष्कर्षही त्याला उत्तर देणारा हवा.

आधी ०.०८ काय म्हणते ते पाहू. फवारणीचा काडीचाही परिणाम नसता, तरी झाडाझाडांत मुळातच असलेल्या फरकामुळे एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता शंभरात आठ आहे. पी-व्हॅल्यू एवढंच सांगते. फवारणी निरुपयोगी असण्याची शक्यता ८ टक्के आहे, असं ती म्हणत नाही आणि परिणाम होत नाही, असं तर मुळीच म्हणत नाही. पुरावा अपुरा पडणं आणि परिणाम नसणं यांत फार मोठं अंतर आहे. ते पुसलं गेलं की उपयोगी पद्धती कपाटातल्या प्रबंधांत पडून राहतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पी ०.०५ च्या खाली आली तरच फरक लक्षणीय मानायचा, ही रेषाही निसर्गाने आखलेली नाही. इंग्लंडमधल्या रोटहॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात काम करणारे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५ मध्ये ती सोयीची मर्यादा म्हणून सुचवली. ०.०४ आली तर फवारा आणि ०.०८ आली तर विसरा, असा त्या रेषेचा अर्थ लावायला काहीही आधार नाही.

आता ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल काढ, म्हणजे खरा फरक कुठून कुठपर्यंत असू शकतो त्याचा पट्टा. तुझे मूळ आकडे पत्रात नाहीत, म्हणून मी समजुतीसाठी घेते. समजा, फवारलेल्या झाडांवर सरासरी ६० फळं जास्त टिकली आणि या फरकाचा स्टँडर्ड एरर (योगायोगाने फरक साधारण किती हलू शकतो त्याचं माप) ३३ आहे. ६० भागिले ३३ म्हणजे टी सुमारे १.८२, आणि पी तुझ्यासारखीच ०.०८ च्या आसपास येते. ४० झाडांतून दोन गटांच्या दोन सरासऱ्या वजा केल्या की ३८ डिग्रीज ऑफ फ्रीडम उरतात. त्यांना ९५ टक्क्यांसाठी तक्त्यातली टीची किंमत २.०२ असते. ३३ ला तिने गुणलं की ६७ येतात. म्हणजे इंटरव्हल झाला उणे ७ ते १२७ फळं.

हा पट्टा वाचायला शिक. फवारणीने झाडामागे ७ फळांचं नुकसान होत असेल, तर तेही तुझ्या आकड्यांशी जुळतं. १२७ फळांचा फायदा होत असेल, तर तोही जुळतो. ६० च्या जवळपासच्या किमती सर्वांत चांगल्या जुळतात, टोकाच्या सर्वांत कमी. शून्य या पट्ट्यात आहे म्हणून तक्त्यात ‘एनएस’ येतं, पण १०० सुद्धा याच पट्ट्यात आहे. ‘परिणाम होत नाही’ असं लिहिणारा माणूस शून्य तेवढं उचलतो आणि १०० कडे पाठ फिरवतो.

बाबांच्या प्रश्नासाठी मात्र शून्य ही रेषा कामाची नाही. औषध, पंपाचं डिझेल आणि मजुरी यांचा झाडामागचा खर्च फळांत मोज. समजा तो २० फळांइतका आहे. मग त्या पट्ट्यावर २० ची रेघ मार. रेघेच्या खाली तोटा, वर फायदा. तुझा पट्टा दोन्हीकडे पसरलेला आहे, वरच्या बाजूला बराच जास्त. याउलट, कुणाची पी ०.०१ आली, पण इंटरव्हल १ ते ७ फळांचा असेल, तर तक्त्यात सिग्निफिकंटची चांदणी लागेल आणि तरी मी त्या शेतकऱ्याला फवारू नका म्हणेन. पट्टा पूर्णच्या पूर्ण खर्चाच्या खाली आहे.

यातला ९५ चा आकडा पद्धतीचा आहे. संख्याशास्त्रज्ञ येर्झी नेमन यांनी १९३७ मध्ये ही कल्पना पक्की मांडली. असाच प्रयोग पुन्हा पुन्हा केला आणि दर वेळी पट्टा काढला, तर दर शंभरातल्या सुमारे ९५ पट्ट्यांत खरा फरक सापडेल. तुझा पट्टा त्या ९५ पैकी की उरलेल्या पाचांपैकी, ते तुझ्या प्रयोगावरून कळत नाही.

पुढच्या हंगामासाठी दोन गोष्टी कर. पट्टा निम्मा करायचा तर झाडं चौपट लागतात. दोन्हीकडे ८०-८० झाडं घेतलीस आणि फरक ६० च राहिला, तर इंटरव्हल साधारण २७ ते ९३ होईल, म्हणजे सगळाच खर्चाच्या वर. पण त्याहून मोठी गोष्ट मांडणीची. माझ्या भावाची बाग कळमेश्वरकडे आहे. तिथे विहिरीजवळच्या ओळी आणि नाल्याकडच्या चुनखडीच्या जमिनीतल्या ओळी एका मालकाच्या वाटत नाहीत. तू फवारलेली वीसही झाडं विहिरीकडची असतील, तर पी कितीही लहान आली तरी तिला मी किंमत देणार नाही. आरबीडी (रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन) लाव. सारख्या जमिनीतल्या झाडांचे ब्लॉक पाड आणि प्रत्येक ब्लॉकमध्ये कोणतं झाड फवारायचं ते चिठ्ठीने ठरव. जमिनीचा फरक असा बाजूला निघाला की स्टँडर्ड एरर झाडं न वाढवताही खाली येतो. आणि मोजणीचं एकक झाड आहे, फळ नव्हे. हजारो फळं वेगवेगळी नोंद म्हणून धरली, तर पी खोटीच लहान होते.

गाईडना सांग, की निष्कर्षात फरक, इंटरव्हल आणि पी तिन्ही लिहीन आणि ‘परिणाम होत नाही’ऐवजी ‘परिणाम सिद्ध झाला नाही, आकडे किरकोळ नुकसानापासून भरघोस फायद्यापर्यंत सगळ्याशी सुसंगत आहेत’ असं लिहीन. बाबांना सांग, औंदा अर्धी बाग फवारा, पण ब्लॉक पाडून आणि चिठ्ठी टाकून.

प्रश्न : मी नागपुरातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात निवासी डॉक्टर आहे. प्रबंधासाठी दोन गटांत २० गोष्टींची तुलना केली. एकीतच पी ०.०३ आली. तेवढीच ठळकपणे मांडली तर चालेल का?

उत्तर : नाही, डॉक्टर. दोन्ही गटांत कशातच खरा फरक नसता आणि या २० चाचण्या एकमेकींवर अवलंबून नसत्या, तरी किमान एकीत ०.०५ च्या खाली पी येण्याची शक्यता ६४ टक्के असते. तुमची एक चांदणी म्हणूनच फारशी बोलकी नाही. अनेक चाचण्या असतील तेव्हा मर्यादा कडक करायच्या बॉनफेरोनीच्या रीतीने ०.०५ ला २० ने भागलं तर मर्यादा ०.००२५ होते आणि ०.०३ तिच्या बरीच वर राहते. वीसही तुलना इंटरव्हलसह तक्त्यात द्या, ही एक पुढे तपासण्याजोगी म्हणून नोंदवा. क्लिनिकल ट्रायल असेल तर सीटीआरआय या भारतातल्या क्लिनिकल ट्रायलच्या नोंदवहीत मुख्य निष्पत्ती (परिणाम प्रामुख्याने कशावर मोजायचा ते) आधीच नोंदवावी लागते. तुम्ही जी नोंदवली असेल, प्रबंधात तिलाच पहिला मान. रुग्णांनी रक्त दिलंय, वेळ दिलाय. त्यांच्या आकड्यांतून सोयीचा तेवढा निवडणं मला मान्य नाही.

प्रश्न : त्याच प्रबंधात ६० रुग्णांपैकी एकालाही गंभीर दुष्परिणाम झाला नाही. ‘औषध सुरक्षित आहे’ असं लिहू का?

उत्तर : शून्यालाही इंटरव्हल असतो. एकही घटना दिसली नाही, तर ३ ला रुग्णसंख्येने भागायचं. खऱ्या प्रमाणाची ९५ टक्के विश्वासाची वरची मर्यादा साधारण तेवढी येते. ३ भागिले ६०, म्हणजे ५ टक्के. वीस रुग्णांत एकाला गंभीर त्रास देणारं औषधही तुमच्या ६० जणांत क्वचित का होईना, निसटू शकतं. हीच मर्यादा १ टक्क्यावर आणायला ३०० रुग्ण लागतील, तेही एकही घटना न घडता. ‘६० पैकी ० रुग्ण, वरची मर्यादा सुमारे ५ टक्के’ असं लिहा आणि ‘सुरक्षित’ हा शब्द काढून टाका.