सीटवर कोण बसलंय?

प्रिय पोरा,

‘पावसात मी मुळातच कच्चा आहे का?’ हा तुझा प्रश्न मला अजिबात आवडला नाही. कार्ट रेस सुटायच्या आधी ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत, आभाळ बघून तुला पावसाचे, खाचांचे वेट टायर हवे होते. पप्पा आणि मेकॅनिक म्हणाले, सर येऊन जाईल, कोरड्याचे गुळगुळीत स्लिकच राहू दे. तू मान डोलावलीस आणि दुसऱ्याच लॅपला कार्ट गर्रकन फिरली. यात तुझं कच्चेपण कुठं आलं? पावसात शेवटचा शब्द सीटवर बसलेल्याचा, आणि तो तू बोललाच नाहीस.

बाहेरच्यांचं ऐकूच नको असं म्हणत नाही. त्यांच्याकडं रडार असतं, अंदाज असतो. पण आपल्याकडं कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका, हे अख्खं गाव सांगतं; दारात पाणी आलंय का हे मात्र पुरात बुडणाऱ्या सुतारवाड्यातल्यालाच दिसतं. स्टिअरिंग अचानक हलकं झालं, पुढच्याच्या चाकामागं उडणारं पाणी हेल्मेटच्या वर जायला लागलं, हे ट्रॅकबाहेर पिटमध्ये उभ्या असलेल्या कुणाला कळणार? तुलाच.

मात्र शेवटचा शब्द हवा तर आधी घाम गाळ. कार्टला डिफरन्शियल, म्हणजे वळताना मागची दोन चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारं यंत्र, नसतं. वळताना आतलं मागचं चाक उचललं नाही, तर ती सरळ बाहेर जाते. ओल्यात पकड कमी, चाक उचलत नाही. म्हणून पुढच्या चाकांमधली रुंदी वाढवायची, मागच्यांमधली कमी करायची. हे तुला स्वतःच्या हातानं येतं का? रोजच्या लाइनवर रबर बसलेलं असतं, पाणी पडलं की तिथंच घसरतं. वळणाच्या बाहेरून, खडबडीत डांबरावरून फिरून बघितलंस का कधी? जूनपासून इथं पाऊस कोसळतो आणि तुम्ही पोरं ताडपत्रीखाली वडापाव खात बसता! मग पप्पांसमोर तोंड उघडायचं कुठल्या जोरावर?

तू म्हणशील, २०२१ ला सोचीच्या फॉर्म्युला वन रेसमध्ये शेवटी पाऊस आल्यावर हॅमिल्टननं टीमचं ऐकून टायर बदलले आणि जिंकला. नॉरिस पुढं असून स्वतःच्या हट्टानं टायर न बदलता ट्रॅकवरच राहिला आणि सातवा आला. खरंय. पण हॅमिल्टननंही आधी नकार दिला होता, मग विचार करून पिटमध्ये आला. आणि नॉरिस हरला तरी ती हार त्याची स्वतःची होती. तुझी तर हारही उसनी आहे.

१९७६ ला जपानमधल्या फुजीच्या फॉर्म्युला वन रेसला, भर पावसात, अजिंक्यपदाच्या गुणांत पुढं असलेला लाउडा दोन लॅपनंतर गाडीतून उतरला. त्याआधी जर्मनीतल्या अपघातात भाजल्यानं त्याच्या पापण्या नीट मिटत नव्हत्या. इंजिन बिघडलं असं सांगू, असं टीमनं सुचवलं. तो नको म्हणाला. एका गुणानं अजिंक्यपद त्याचा प्रतिस्पर्धी हंटकडं गेलं.

त्याच्याशी बरोबरी करत नाही, पण मीही चेन्नईच्या ट्रॅकवर भर पावसात गाडी आत आणली होती. समोरच्या गाडीचा मागचा दिवासुद्धा दिसत नव्हता. टीमनं लोकांना सांगितलं, गिअरबॉक्स गेला. मी चारचौघांत म्हणालो, गिअरबॉक्स ठणठणीत आहे, मीच थांबलो. पुढच्या हंगामात सीट मिळाली नाही. ‘पाण्याला भ्यालेला’ असं आजही उद्यमनगरात कुणीतरी चहा पिताना बोलतंच. बोलू देत. भ्यालो असतो तर गिअरबॉक्सच्या आड लपलो असतो की! खंत एवढीच, की त्यानंतर पावसात रेस करायला मिळाली नाही. आणि मला पाऊस आवडायचा रे, फार आवडायचा.

रविवारी वर्कशॉपला ये. वेट टायरचा जुना सेट आहे, तो घालून रुंदी तुझी तू बदल. मी हात लावणार नाही. पप्पांनाही घेऊन ये. त्यांच्याशी मी बोलावं असं तू लिहिलंयस, ते मात्र जमणार नाही. तूच बोल.

तुझा,
काका