वेगळा सांगाडा असलेल्या पात्रावर ॲनिमेशन नेताना हात पिळवटतात आणि पाय घसरतात. काय करावे?

आपण हाडांची नावे नीट जुळवली आहेत, तरीही उंच पात्राची चाल बुटक्या पात्राला दिल्यावर हात पिळवटतात आणि पाय जमिनीवर घसरतात, असे आपण लिहिले आहे. या दोन स्वतंत्र अडचणी आहेत.

हात पिळवटण्याचे मूळ बहुतेक वेळा रेस्ट पोझमध्ये, म्हणजे हालचाल देण्याआधीच्या सांगाड्याच्या मूळ स्थितीत, असते. कीफ्रेममधले, म्हणजे हालचालीच्या ठरावीक क्षणाचे, रोटेशन हाडाच्या स्वतःच्या अक्षांच्या संदर्भात नोंदलेले असते. त्यामुळे एका सांगाड्याचे हात टी-पोझमध्ये आडवे आणि दुसऱ्याचे ए-पोझमध्ये खाली झुकलेले असतील, किंवा हाडांचा रोल (स्वतःच्या लांबीभोवतीचे वळण) वेगळा असेल, तर तेच आकडे दुसरीकडे भलतीच दिशा दाखवतात. म्हणून आकडे न उचलता फरक उचलावा. दोन्ही पात्रे आधी एकसारख्या पोझमध्ये आणावीत, मूळ हाड त्या पोझपासून वर्ल्ड स्पेसमध्ये (संपूर्ण दृश्याच्या सामाईक अक्षांत) किती फिरले ते काढावे, तेवढेच दुसऱ्या पात्राचे हाड त्याच्या पोझपासून फिरवावे आणि मग पेरेंट हाडाच्या (ज्याला ते जोडलेले आहे त्या वरच्या हाडाच्या) नव्या रोटेशनच्या व्यस्ताने डावीकडून गुणून लोकल, म्हणजे पेरेंटच्या सापेक्ष, रोटेशन मिळवावे. हे सारे क्वाटर्नियनमध्येच (फिरणे चार आकड्यांत मांडण्याच्या पद्धतीत) करावे. ऑयलर कोनांच्या, म्हणजे तीन अक्षांभोवतीच्या तीन कोनांच्या, क्रमाच्या गोंधळात मी स्वतः बरेच दिवस घालवले आहेत. कण्यात एकीकडे तीन आणि दुसरीकडे पाच हाडे असतील, तर एकूण वळण पाचांत वाटून द्यावे.

पाय घसरण्याचे कारण लांबीत आहे. स्थानांतर फक्त कमरेच्या हाडाचे घ्यावे आणि ते कमरेच्या उंचीच्या गुणोत्तराने गुणावे: १०० सेंमीवरून ६० सेंमीवर येताना ०.६. पाऊल तितकेच आखूड होते, म्हणून गेममधला चालण्याचा वेगही ०.६ पट करावा लागतो. नेमके हेच अनेकांकडून राहून जाते आणि दोष ॲनिमेशनला दिला जातो.

एवढे करूनही मांडी व पोटरीचे प्रमाण वेगळे असल्यास टाच थोडी तरंगते किंवा रुतते. जितक्या फ्रेम पाऊल जमिनीवर टेकलेले आहे, तितक्याच फ्रेमसाठी ते आयकेने (इन्व्हर्स किनेमॅटिक्स, म्हणजे टोकाची जागा ठरवून वरच्या सांध्यांचे कोन काढणे) जागेवर धरावे, आणि आयकेचा प्रभाव काही फ्रेममध्ये हळूहळू चढवावा-उतरवावा, अन्यथा गुडघा झटका देतो. संगणक ॲनिमेशनचे संशोधक मायकेल ग्लायकर यांनी १९९८ च्या शोधनिबंधात असे स्पर्श टिकवण्याचा प्रश्न एकेका फ्रेमऐवजी संपूर्ण हालचालीवर एकत्र सोडवला होता, तो याच झटक्यांना टाळण्यासाठी. हातांना मात्र ते कशाला तरी टेकत असतील तरच आयके लावावे.

अनरियल ५ आणि युनिटी या गेम इंजिनांतील तयार साधने, म्हणजे अनुक्रमे आयके रिटार्गेटर आणि ह्युमनॉइड, यांपैकी बरेच काम करतात, पण पोझ जुळल्या आहेत की नाहीत हे डोळ्यांनीच तपासावे लागते. आपल्या बाबतीत मी तिथूनच सुरुवात केली असती.