डॉक्टरांची चिठ्ठी असताना फार्मासिस्टचं काम काय उरतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईला बीपी, शुगर, थायरॉइड आणि गुडघेदुखीची मिळून नऊ औषधं चालू आहेत, डॉक्टर तीन आहेत, औषधं चिठ्ठीप्रमाणेच आणायची तर मेडिकलवाल्याशी बोलून काय फायदा, तो फक्त गोळ्या काढून देतो ना?

या शेवटच्या वाक्यावर मी दोन दिवस अडकलोय. माझ्या थोरल्या चुलतभावाने, आम्ही त्याला दादा म्हणतो, वीस वर्षांपूर्वी मला हेच ऐकवलं होतं. त्याचे शब्द होते, "चिठ्ठी डॉक्टरची, माल कंपनीचा, पैसे गिऱ्हाइकाचे. यात तू कोण?" तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण त्याच्या दुकानात मी खरोखरच कोणी नव्हतो. भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये माझं सर्टिफिकेट होतं आणि मी स्वतः एका कंपनीचा एमआर, म्हणजे डॉक्टरांना औषधांची माहिती देत फिरणारा प्रतिनिधी, म्हणून बॅग घेऊन सोलापूर-सांगली पट्ट्यात फिरत होतो. दुकान चालवायला फार्मासिस्ट लागतो आणि दादा फार्मासिस्ट नव्हता. महिन्याला पाचशे रुपये मिळायचे. डी. फार्म. करून बाहेर पडलेल्या आमच्या बॅचमधल्या बऱ्याच जणांचं असंच चाललं होतं. कोणाला त्यात गैर वाटत नव्हतं. मलाही नाही.

गोष्ट २००४ची. गाव जत तालुक्यातलं. मी सुट्टीत घरी आलो होतो. शनिवार होता, बाजाराचा दिवस. दादाला बँकेत जायचं होतं म्हणून गल्ल्यावर मी बसलो. बारा-साडेबाराच्या सुमाराला एक मावशी आल्या, शेजारच्या वाडीवरच्या. पदर तोंडाला लावलेला. म्हणाल्या, "तोंड लई आलंय बघ. पाणी बी झोंबतंय. ती तांबडी गोळी दे."

तोंड आलं की बी-कॉम्प्लेक्स आणि लावायला जेल, हे कोणताही मेडिकलवाला झोपेतही देईल. माझा हात डब्याकडे गेलाच होता. का कुणास ठाऊक, मी विचारलं, "मावशी, दुसरं काही औषध चालू आहे का?" त्यांनी पिशवीतून मिरजेच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि दोन पट्ट्या काढल्या. बोटांचे सांधे सुजून वाकडे होत चालले होते, म्हणून त्या मिरजेला दाखवून आल्या होत्या. आमवात. औषध होतं मेथोट्रेक्सेट.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हे औषध आमवाताला आठवड्यातून एकदाच घेतात. रोज नाही. ते पेशींची वाढ रोखतं, म्हणून जास्त झालं की सगळ्यात आधी तोंडाच्या आतली त्वचा सोलवटते आणि अस्थिमज्जा पेशी बनवायची थांबते. डॉक्टरांनी इंग्रजीत अगदी स्वच्छ लिहिलं होतं: अडीच मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या, आठवड्यातून एकदा, रविवारी. महिन्याच्या बारा गोळ्या. सोबत त्याचा त्रास कमी व्हावा म्हणून फॉलिक ॲसिड, इतर दिवशी.

आमच्याच दुकानातल्या काउंटरवरच्या पोराने "तीन" वाचलं. पुढचं वाचलं नाही, किंवा वाचून त्याला त्याचं काही वाटलं नाही. कागदी पाकिटावर त्याच्या अक्षरात लिहिलं होतं: १-१-१. म्हणजे रोज सकाळ, दुपार, रात्र एकेक.

महिन्याच्या गोळ्या चार दिवसांत संपल्या. पाचव्या दिवशी मावशींचा नातू आला, त्याने रिकामी पट्टी दाखवली आणि पोराने आणखी दोन पट्ट्या दिल्या. वीस गोळ्या. महिन्याचं औषध चार दिवसांत कसं संपलं, हे दुकानात कोणाच्याही मनात आलं नाही. मी गल्ल्यावर बसून उरलेल्या गोळ्या मोजल्या. पाच. म्हणजे बत्तीसपैकी सत्तावीस पोटात गेल्या होत्या. नऊ आठवड्यांचा डोस नऊ दिवसांत. फॉलिक ॲसिडची पट्टी न फोडता तशीच पिशवीत होती, पोराने सांगितलं होतं म्हणे, "ही ताकदीची आहे, नंतर घेतली तरी चालेल."

मी मावशींचा हात पाहिला. कोपराच्या आतल्या बाजूला जांभळे ठिपके होते. अंग तापलेलं. दुकानाचं शटर अर्धं ओढून त्यांना मोटारसायकलवर गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं, तर पांढऱ्या पेशी दोन हजारांच्या खाली. डॉक्टरांनी मिरजेला फोन लावला आणि संध्याकाळपर्यंत त्या तिकडे ॲडमिट झाल्या. मेथोट्रेक्सेटवरचा उतारा म्हणून फॉलिनिक ॲसिडची इंजेक्शनं, प्लेटलेट, वेगळी खोली. सोळा दिवस. त्या वाचल्या. केस बरेच गेले, पुन्हा आले.

त्या रात्री दादाशी भांडण झालं. मी म्हटलं, आपल्यामुळे बाई मरत होती. तो म्हणाला, पोराचं चुकलं, त्याला काढून टाकू, विषय संपला. मी म्हटलं, पोरगा दहावी नापास आहे, त्याचं कसं चुकेल? भिंतीवर नाव माझं आहे. तेव्हा त्याने ते वाक्य ऐकवलं. मी फ्रेम भिंतीवरून काढली आणि घरी घेऊन आलो. दादा सहा वर्षं माझ्याशी बोलला नाही. एमआरची नोकरी सोडून मी एसटी स्टँडजवळ स्वतःचं दुकान टाकलं, आणि तेव्हापासून दुकान उघडं आहे तोवर मी काउंटरवर आहे. जेवायला जातो तेव्हा चिठ्ठीवरचं औषध मिळत नाही. लोक चिडतात. चिडू देत.

आता तुमच्या प्रश्नाकडे. कायदा स्पष्ट आहे. १९४८च्या फार्मसी ॲक्टचं ४२वं कलम सांगतं की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. २०१५च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये तर पुढचंही लिहिलंय: चिठ्ठी तपासायची, रुग्णाला औषध कसं घ्यायचं, कसं ठेवायचं, कशाबरोबर घ्यायचं नाही हे समजावून सांगायचं. कागदावर सगळं आहे. पण या बोलण्याचा पैसा आपल्याकडे कोणी देत नाही. सरकारने किंमत बांधून दिलेल्या औषधात दुकानदाराचं मार्जिन १६ टक्के धरलेलं असतं, ते गोळी विकण्याचं. दहा मिनिटं बोलून मी "ही गोळी घेऊ नका" म्हटलं तर मला शून्य रुपये मिळतात. इंग्लंडमध्ये ठरावीक आजारांचं नवं औषध सुरू झालेल्या पेशंटशी फार्मासिस्टने बोलावं, त्याचे पैसे सरकारी आरोग्यसेवेने द्यावेत, अशी सोय २०११पासून आहे. आपल्याकडे ती होईल तेव्हा होईल. तोवर जो बोलतो तो स्वतःच्या मनाने बोलतो, आणि असा माणूस तुम्हाला शोधावा लागेल.

आईंचं म्हणाल, तर तीन डॉक्टर हाच माझ्या मते सगळ्यात मोठा धोका आहे. प्रत्येक डॉक्टर आपापली चिठ्ठी लिहितो, आणि तिन्ही चिठ्ठ्या एकत्र येतात त्या मेडिकलच्या काउंटरवर. तेही सगळी औषधं एकाच दुकानातून घेत असाल तर. बीपीची तीच गोळी दोन कंपन्यांच्या दोन नावांनी दोन चिठ्ठ्यांवर असते आणि पेशंट दोन्ही इमाने इतबारे घेत राहतो, हे मी दर दोन-तीन महिन्यांनी पाहतो. नाव वेगळं, खोका वेगळा, आतला घटक तोच. शुगरच्या गोळीचं असं झालं की म्हातारं माणूस पहाटे घामाघूम होऊन पडतं आणि घरच्यांना वाटतं हार्टचं काहीतरी आहे.

म्हणून घरातलं सगळं औषध एका पिशवीत घाला. चालू असलेलं, बंद केलेलं, अर्धं उरलेलं, शेजारणीने दिलेली गुडघ्याची गोळी, आयुर्वेदिक काढा, सगळं. चिठ्ठ्याही. ती पिशवी फार्मासिस्टपुढे उलटी करा आणि म्हणा, एकदा बघून द्या. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी आणि कॅल्शियमच्या गोळीपासून चार तास लांब घेतात का, हे विचारा. अर्ध्या घरांत दोन्ही एकाच घोटाबरोबर जातात आणि मग थायरॉइडचा रिपोर्ट का सुधारत नाही म्हणून डोस वाढत जातो. गुडघ्यासाठी दुखणं कमी करणारी गोळी रोज चालली असेल तर ती बीपीच्या औषधाला उलटी जाते आणि किडनीवर भार टाकते, हेही विचारून घ्या. इन्सुलिन असेल तर सिरिंज सोबत न्या. आपल्याकडे बाटली बहुतेक चाळीस युनिटची, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये चाळीस युनिट अशी असते, तिला लाल टोपीची सिरिंज लागते. नारिंगी टोपीची शंभरची सिरिंज चुकून आली तर हिशोब अडीचपटीने चुकतो.

फार्मासिस्ट बरा की नाही हे कसं ओळखायचं? त्याने तुम्हाला एक तरी प्रश्न विचारला पाहिजे. वय काय, आधी कधी घेतली होती का, दुसरं काय चालू आहे. न बोलता पट्टी कापून पिशवीत टाकणारा असेल तर दुकान बदला, मग तो तुमचा भाऊ का असेना. आणि काउंटरवर उभा असलेला माणूस फार्मासिस्ट आहे का, हे सरळ विचारा. त्यात अपमान काही नाही. सर्टिफिकेट भिंतीवर असतं, त्यावर नाव असतं. तो माणूस कुठे आहे, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. मी माझ्या आयुष्याची सहा वर्षं कोणी हा प्रश्न विचारला नाही म्हणून पाचशे रुपये घेत काढली, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

गेल्या मे महिन्यात पुतणीच्या लग्नात दादा भेटला. बोलणं आता पूर्ववत आहे. म्हणाला, "आता सगळं मोबाइलवर मागवतात, वीस टक्के सूट मिळते, तुझी बडबड ऐकायला कोण येतंय?" त्याला तिथे काही बोललो नाही, मांडवात भांडण नको म्हणून. इथे बोलतो. खुशाल मोबाइलवर मागवा, सूट मिळते तर घ्यावीच, महिन्याला चार हजारांचं औषध लागणाऱ्या घराला ती मोठी रक्कम आहे. पण महिन्याच्या गोळ्या चार दिवसांत संपल्या तर खोका घेऊन येणारा मुलगा थांबून "का हो?" असं विचारणार नाही. दादाच्या दुकानातल्या पोराने विचारलं नव्हतं. विचारणं हेच काम आहे. चिठ्ठी डॉक्टरची, माल कंपनीचा, पैसे गिऱ्हाइकाचे. आणि ती गोळी नेमकी कशी पोटात जातेय हे पाहणारा मी. दादा, हे माझं उत्तर.

दोन गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या. एक, मी डॉक्टर नाही. माझ्यासारख्या कोणी "ही गोळी दुहेरी दिसतेय" म्हटलं तर ती आपल्या मनाने बंद करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. विशेषतः फिट्सच्या, हृदयाच्या आणि स्टेरॉइडच्या गोळ्या अचानक थांबवल्या तर जिवावर बेततं. दुसरं, डॉक्टरांबद्दल माझ्या मनात काही नाही. मिरजेच्या त्या डॉक्टरांनी सगळं नीट लिहिलं होतं आणि नंतर मला फोन करून विचारलंही, की पाकिटावर मराठीत वार लिहिता का? तेव्हापासून लिहितो. वाचता न येणाऱ्यांसाठी सूर्य आणि चंद्र काढतो.

मावशी अजून येतात, आता नातवाच्या गाडीवर. मेथोट्रेक्सेटच्या पट्ट्यांतून बाराच गोळ्या कापून देतो, मागे मार्करने "रविवार" लिहितो आणि त्यांच्याकडून मोठ्याने म्हणवून घेतो. तुम्ही आईंची पिशवी घेऊन जाल तेव्हा दुपारी दोन ते चारमध्ये जा. तेव्हा गर्दी नसते, नीट बसून बघता येतं.