बायकोची साक्ष आणि ओला पंचा

प्रश्न : पेडण्याजवळच्या आमच्या वाड्यावर यंदा जत्रेला कोर्टाचं नाटक बसवतोय. थोरला भाऊ धाकट्याचा खून करतो, रात्री बायकोला सगळं सांगतो. तिसऱ्या अंकात ती गीतेवर हात ठेवून ते उघड करते. वकीलसाहेब, हे कायद्यात बसतं का?

उत्तर : नाही बसत. बायको नवऱ्याविरुद्ध साक्ष देऊ शकते, पण संसारात त्यानं तिला जे सांगितलं ते त्याच्या संमतीशिवाय कोर्ट सांगू देत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३, कलम १२८. गुन्हा खुद्द तिच्याविरुद्ध असता तर गोष्ट वेगळी.

डोळ्यांनी पाहिलेलं मात्र सांगता येतं. १९५४ च्या राम भरोसे खटल्यात नवरा पहाटे छपरावरून उतरला, भुशाच्या कोठीत गेला, मग अंघोळ केली, हे बायकोचं सांगणं सर्वोच्च न्यायालयानं ग्राह्य धरलं. त्याचं बोलणं वगळलं.

म्हणून तुमच्या बाईच्या तोंडी कबुली नकोच. अपरात्री न्हाणीत पाणी ओतल्याचा आवाज, दोरीवर ओला पंचा, कोयता जागेवर नाही, एवढंच तिला सांगू द्या. मडगावच्या कोर्टात मी अशा बायका पाहिल्यात. त्या रडत नाहीत, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहतात. ती थांबेल तेव्हा प्रॉम्प्टरला गप्प बसवा.

आणि गीता काढा. शपथ तोंडीच असते, ईश्वरसाक्ष किंवा गांभीर्यपूर्वक. न्यायाधीशाच्या हातचा हातोडाही आपल्याकडे नाही.